मागचा माणूस का गेला

मेसन गावात कुणाला हरणांच्या शिकारीसाठी रान लीजवर घ्यायचं असलं, की पहिला प्रश्न एकच यायचा, "एल्रॉयला दाखवलंस का?" घरातल्या थोरल्यानं स्थळ बघितल्याशिवाय बोलणी पुढं सरकू नयेत, तशातली गत.

एल्रॉय लँगे हा बोअरचे पंप दुरुस्त करणारा माणूस. एकोणचाळीस वर्षं त्यानं या भागातलं एकूण एक फाटक उघडलं आणि एकूण एक स्वयंपाकघरात कॉफी प्यायली. कुणाचा झरा ऑगस्टात आटतो, कोण ऐन शिकारीत गुरं सोडतो, कोण एकच रान दोन टोळ्यांना देऊन दोघांसमोर साळसूद चेहरा करतो, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. सल्ल्याबद्दल तो काही घेत नसे. फार तर डिसेंबरात हरणाच्या मांसाची दोन-चार सॉसेजेस कुणी आणून दिली, तर नाही म्हणत नसे.

रान बघायची त्याची रीत ठरलेली. आधी कुंपण. "शेजाऱ्यानं कुंपणाला चिकटून मचाणं किती उभी केलीत ते मोज. पाच दिसली तर तुझी हरणं तुझी नाहीत." मग पाणी, मग ओकची झाडं, मग किती एकरांत किती बंदुका. रोजच्या भाड्याच्या रानाकडं तो ढुंकून बघत नसे. "काल कुणी काय उडवलं ते ठाऊक नाही, उद्या कोण येणार ते ठाऊक नाही. ते रान नव्हे, धर्मशाळा." लीज घ्यायची तर वर्षाची, आणि कागदावर प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची सही. मित्र असो, मेव्हणा असो. सगळ्यात शेवटी मालकाला विचारायचं, "मागचे लोक का गेले?" मालक तिथं अडखळला की एल्रॉय टोपी उचलून उठायचा.

एवढा हुशार माणूस. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगीच नाही.

डब हॅगर्टी हा त्याचा एकतीस वर्षांचा मित्र. डब बोलघेवडा, एल्रॉय मोजकं बोलणारा, त्यामुळं दोघांचं जमायचं. एल्रॉयची बायको लोरीन गेली त्या हिवाळ्यात डब रोज सकाळी त्याच्या दारात येऊन हॉर्न वाजवायचा आणि त्याला ओढून कॉफीला न्यायचा. हे एल्रॉय कधी विसरला नाही. विसरला असता तर बरं झालं असतं.

पुढं एल्रॉयचे गुडघे गेले. शिडी चढून मचाणावर बसणं बंद झालं. तेव्हा त्यानं दोन वर्षं घालवून स्वतःसाठी रान शोधलं, म्हातारपणाला पुरेल असं. व्हर्नेल क्रेंझ या विधवा बाईंचं, लाल खडकांचं, मधे बारमाही ओढा. ओढ्याच्या वळणावर एका बुटक्या ओकखाली त्यानं जमिनीलगत लाकडी खोपी बांधली. पायरी नाही, उतरती फळी. आतल्या खुर्चीचे पाय कापून खिडकीच्या उंचीला बसवलेले. "इथून मला आता फक्त आडवा करून न्यायचा," असं तो म्हणायचा, आणि डब हसून म्हणायचा, "मी उचलीन रे, तू जेवण कमी कर."

भाडं वाटून घ्यायला डब आणि आणखी दोघं होते, पण व्हर्नेलबाईंना चार जणांच्या सह्या नको होत्या. "मला एकच माणूस जबाबदार हवा. चौघांना शोधत मी फिरणार नाही." एल्रॉयनं खिसा चाचपला तर चष्मा घरी राहिलेला. डब म्हणाला, "आण इकडं, मी करतो. तू काय नि मी काय, आपल्यात कसला कागद?" एल्रॉय हो म्हणाला. सगळ्या तालुक्याला नको म्हणणारा माणूस स्वतःच्या वेळी हो म्हणाला.

सहा वर्षं छान गेली. एल्रॉयचा एक काच होता, तो मात्र खरा. कोवळा नर तो कुणाला मारू द्यायचा नाही. "त्याला अजून दोन वर्षं दे. पाठ बघ त्याची, अजून पोरगेलाय." डब दुर्बिणीतून बघत चरफडायचा, "तुझ्या हरणांना पेन्शन सुरू कर आता!" एल्रॉयला वाटायचं, थट्टा चाललीय.

यंदा ऑक्टोबरात हरणांना टाकायची मक्याची पोती पिकअपमध्ये टाकून तो एकटाच रानावर गेला. तिथल्या फाटकांना एकच कुलूप नसतं. साखळीत ज्याचं त्याचं कुलूप दुसऱ्याच्या कुलपात अडकवलेलं असतं. कुणीही आपलं उघडलं की फाटक उघडतं, आणि एखाद्याला काढायचं तर त्याचं कुलूप काढून बाकीची दोन एकमेकांत अडकवली की झालं. साखळी पूर्ण दिसते.

एल्रॉयनं सवयीनं तिसरं कुलूप धरलं. त्याची किल्ली लागेना. ते नवंकोरं होतं. त्याचं स्वतःचं पितळी कुलूप कुंपणाच्या तारेत अडकवून ठेवलेलं होतं, नीट बंद करून. ज्यानं ठेवलं त्यानं ते पुसूनही ठेवलं होतं. त्याच गोष्टीचा एल्रॉयला सगळ्यात जास्त राग आला.

ते खिशात टाकून त्यानं तिथूनच व्हर्नेलबाईंना फोन लावला.

"अगं बाई, एल्रॉय! कसे आहेत गुडघे?" बाईंचा आवाज मायेनं भरलेला. "तुम्ही सोडताय म्हणून डबनं सांगितलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं! केक मिळाला ना? पिकानचे दाणे घालून केला होता मुद्दाम. डबच्या हाती पाठवला."

केक एल्रॉयपर्यंत आलाच नव्हता. तरी तो म्हणाला, "मिळाला, बाई." त्या म्हातारीला सकाळी सकाळी खरं सांगून रडवायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय कागदावर नाव डबचंच होतं.

डब त्याला गावातल्या कॉफीच्या टेबलावर सापडला.

"तू मला काढलंस?"

"बस तर खरं आधी."

"डब."

"अरे, कुणीतरी करायलाच हवं होतं ना?" डब चमच्याकडं बघत बोलला. "तुला फळीवरून उतरवायला दोघं लागतात. आणि तू कुणाला बार उडवू देत नाहीस, लेका! ह्याला दोन वर्षं दे, त्याला तीन वर्षं दे. बाकीच्यांना शिकार करायची होती."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू रागावला असतास."

एल्रॉय न बसताच मागं वळला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडलं तर रडू येईल अशी त्याला भीती वाटली. एकतीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं, की डब रोज सकाळी हॉर्न वाजवायचा ती आठवणही आता आपल्याकडं धड राहिली नाही. तीही खराब झाली.

शिकार सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ह्यूस्टनचा एक तरुण त्याच्या दारात आला. दाणा-चाऱ्याच्या दुकानदारानं पाठवलं होतं. नाव ट्रेंट, बोलायला नम्र, हातात टोपी.

"साहेब, एका लीजमध्ये मला जागा मिळतेय. तुम्ही सांगितलंत तरच पक्कं कर, असं सगळे म्हणाले. क्रेंझबाईंचं रान."

एल्रॉयनं त्याला व्हरांड्यात बसवलं.

"ओढ्याच्या वळणावर एक खोपी आहे बघा," ट्रेंट उत्साहानं सांगू लागला. "शिडी नाही, फळी आहे. खुर्ची अशी बेतून बसवलीय, की कुणीतरी फार प्रेमानं केलेलं काम वाटतं. ती मला देणार म्हणाले."

"रान वाईट आहे" एवढे तीन शब्द पुरले असते. ते एल्रॉयच्या ओठापर्यंत आलेही. पण रानाबद्दल तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता, आणि डबमुळं त्याला तेवढं तरी गमवायचं नव्हतं.

"रान चांगलं आहे," तो म्हणाला. "पाणी बारमाही आहे. वारा उत्तरेचा असेल तेव्हाच त्या खोपीत बसा. आणि कागदावर स्वतःचं नाव घाला, स्वतःच्या हातानं. चष्मा विसरलात तर घरी जाऊन घेऊन या."

"हो साहेब."

"मागचा माणूस का गेला, ते विचारलंत?"

"विचारलं ना! डब म्हणाले, वारला बिचारा."

एल्रॉयनं अंगणातल्या पिकअपकडं बघितलं. मक्याची पोती अजून तशीच होती. मग तो गुडघे धरून उठला, आत गेला आणि पितळी कुलूप किल्लीसकट आणून त्यानं ट्रेंटच्या हातात ठेवलं.

"हे साखळीत घाला. डबनं विचारलं तर सांगा, मागच्या माणसानं दिलंय. आणि केक कसा झाला होता, तेवढं त्याला विचारायला सांगितलंय म्हणावं."