‘नाही’ म्हणणारी पेटी

“मोजलंय का कुणी?”

सर हे विचारायचे आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या टेबलावर ठेवायचे. आवाज चढवायचे नाहीत, हातवारे करायचे नाहीत. भांडायला आलेल्या माणसाची त्यानेच पंचाईत व्हायची. माझी तर दर भेटीत व्हायची. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्याशी भांडण करता येत नाही आणि त्याला सोडूनही जाता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी नगरला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कामाला होतो. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, प्रबंध टाइप करून द्यायचो. सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत आणि केडगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. पीएच.डी.च्या प्रबंधाचं एकेक प्रकरण ते माझ्याकडे आणून देत. यंत्रं आपली आपण कशी चालतील, हा त्यांचा विषय, आणि त्यातही पाणी. “पाणी पुढच्या पिढीला पुरवायचं असेल तर ते कुणाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही,” असं ते म्हणत. मला हे वाक्य माणसांच्या विरोधातलं वाटायचं.

माझं शिक्षण पत्रकांवर झालेलं. वडील चळवळीतले; घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरओळख झाली तीच ‘जाहीर निषेध’ या शब्दांनी. मीही पत्रकं लिहायचो. एकदा सरांना एक मोठ्या अभिमानाने दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं आणि म्हणाले, “एका पानात बारा उद्गारचिन्हं आहेत, कार्यकर्ते. मोजली मी.”

“अन्याय मोजता येत नाही सर,” मी फणकारलो.

“कोणता अन्याय?”

मग मी माझ्या गावाचं सांगितलं. गाव केडगावच्या पुढे, सायकलच्या अंतरावर. पाण्याची टाकी एक. नळ आधी वरच्या आळीत, मग मधल्या आळीत आणि शेवटी आमच्या बौद्ध वस्तीत. वस्तीची पाळी येईपर्यंत टाकी रिकामी. सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पुढचे तीन आठवडे ते रोज पहाटे मोपेडवरून आमच्या वस्तीत येत होते. नळाशेजारी पालथ्या बादलीवर बसून राहायचे. बायका हसायच्या. माझी आई म्हणाली, “सायेब, नळ काय बोलायचा न्हाई तुमच्याशी. चहा तरी घ्या.” ते चहा घ्यायचे आणि मिनिटं लिहायचे. वरच्या आळीला दोन तास, वस्तीला कधी अठरा मिनिटं, कधी काहीच नाही. मी आयुष्यभर ओरडून सांगत होतो ते त्यांनी एका कागदावर उभं केलं.

टाकीवर पाणी सोडायला गेनूकाका होते. ते आमच्याच वस्तीतले. सरांनी त्यांना विचारलं, “तुम्हीच व्हॉल्व्ह फिरवता, मग तुमच्याच घरी पाणी का नाही?”

“सायेब, वरच्या आळीतून तात्या वरडत्यात, ‘गेन्या, ऱ्हाऊ दे अजून जरा.’ मंग ऱ्हाऊ द्यावं लागतं. आपल्याला न्हाई म्हनता येतंय व्हय?”

तात्या म्हणजे वरच्या आळीचे पुढारी. निम्मी ग्रामपंचायत त्यांच्या ओसरीवर बसायची. परत जाताना सर मोपेड थांबवून मला म्हणाले, “गेनूकाकांना नाही म्हणता येत नाही. पेटीला येईल. पेटीवर कुणी ओरडू शकत नाही.”

चार-सहा महिन्यांत ती पेटी आली. टाकीच्या पायथ्याशी लोखंडी कपाट, वर वीज गेली तरी काम चालावं म्हणून एक सौरपाटी. टाकीत किती पाणी आहे ते बघून पेटी तिन्ही भागांना सारखा वेळ द्यायची. व्हॉल्व्ह आपोआप फिरायचे. ग्रामपंचायतीने ती वर्षभर चालवून बघायचं ठरवलं होतं. सरांनाही वर्षभराचे आकडे हवे होते; त्यावर पीएच.डी. होती आणि पीएच.डी.वर कॉलेजातली नोकरी. आमच्या नळाला रोज सकाळी पाणी यायला लागलं. आई सहाला हंडे लावायची आणि सात वाजेपर्यंत मोकळी व्हायची.

चौथ्या महिन्यात गेनूकाका माझ्याकडे आले. तोंड उतरलेलं.

“तात्या म्हनले, पेटी वॉल सोडती, मंग तू कशाला? आता माझं काय रं?”

मी सरांना विचारायला गेलो नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. देशभर यंत्रं येत होती, माणसं घरी बसत होती आणि माझ्याच गावात, माझ्यामुळे, एक कष्टकरी घरी बसणार होता. त्याची भाकरी विकून मला पाणी नको होतं. त्याच दुपारी पत्रक लिहिलं. ‘यंत्राला पोट नसतं!’ हे शीर्षक. रविवारी गावभर वाटलं.

सोमवारी सर इन्स्टिट्यूटमध्ये आले. पत्रक त्यांच्या हातात होतं. म्हणाले, “पाचव्या प्रकरणातलं शेवटचं पान एकदा वाच.”

“ते मीच टाइप केलंय सर.”

“म्हणूनच म्हणतोय, वाच.”

मला राग आला. मी मशीनमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज चढवला आणि खटखट सुरू केली. ते पत्रक टेबलावर ठेवून गेले.

ग्रामसभेत माझं पत्रक वाचलं गेलं. तात्यांनी वाचलं. ज्या माणसाने आमच्या वस्तीचं पाणी वर्षानुवर्षं अडवलं, तो खणखणीत आवाजात म्हणत होता, “गरिबाच्या पोटावर पाय देणारं यंत्र आम्हाला नको!” आणि सांगतो, माझी वाक्यं त्यांच्या तोंडी शोभून दिसत होती. एकही शब्द बदलावा लागला नाही त्यांना.

सर मागे बसले होते. उठून म्हणाले, “चार महिने वस्तीला रोज पाणी मिळालंय. मी मोजलंय.”

“मास्तर, गाव घड्याळावर चालत नसतं,” तात्या म्हणाले. लोक हसले. हात वर झाले. माझी मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या प्रकरणाची कार्बन प्रत काढली. टायपिंगमध्ये बोटं वाचतात, डोकं वाचत नाही. ते पान मी एका दमात, एकही चूक न करता टाइप केलं होतं आणि त्यातलं अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पानावर स्पष्ट होतं: पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावर कायम ठेवावं, पेटीची किल्ली, देखभाल आणि रोजची नोंद त्याच्याकडेच असावी, त्याच्याशिवाय ही योजना टिकणार नाही. गेनूकाकांसाठी इतकं ठाम मी माझ्या पत्रकातही लिहिलं नव्हतं.

पेटी काढायला सर स्वतः आले. गेनूकाकांनी आपल्या उपरण्याने ती पुसून दिली.

“सायेब, म्या लई बोललो का?”

“नाही गेनूकाका. तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

मी ते पान घेऊन पुढे झालो. “सर, मी हे आत्ता वाचलं.” त्यांनी पानावरून नजर फिरवली. “टायपिंग चांगलं आहे,” म्हणाले. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

प्रबंध पुरा झाला नाही. आकड्यांत उन्हाळा आलाच नव्हता, आणि नगर जिल्ह्यातल्या पाण्यावर उन्हाळ्याशिवाय काय लिहिणार? कॉलेजने पुढच्या वर्षी त्यांना ठेवलं नाही. मी दुसरं पत्रक लिहिलं, ‘मी चुकलो’ अशा मथळ्याचं. पण त्यासाठी कुणी ग्रामसभा बोलावली नाही.

शेवटचे ते मला नगरच्या एसटी स्टँडवर दिसले. पुण्याच्या गाडीत, खिडकीशी बसलेले. बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळायची नोकरी मिळाली होती. मी खिडकीखाली उभा राहिलो. तेच वाकून म्हणाले, “वस्तीत आता पाणी किती वाजता येतं रे?”

“सहाला, सर,” मी म्हणालो. “रोज येतं. गेनूकाका आता ऐकत नाहीत कुणाचं.”

त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. “मग झालं,” ते म्हणाले. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी सुटली.

त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलंच नव्हतं. आई सकाळपासून रिकामे हंडे घेऊन बसली होती.