झाकण नसलेलं खोकं

मराठी भूलतज्ज्ञ, आयर्लंड, अचानक निधन… म्हणजे आता रुग्णसेवा, जुनी गाणी आणि अंगणातले गुलाब येणार असं वाटलं ना तुम्हाला? सॉरी हं. माधवकाकांना गाण्यातलं काही कळायचं नाही, आणि गुलाब त्यांनी छाटून छाटून मारले. काकांचा छंद होता पिस्तुलाच्या गोळ्या भरणं.

दीड महिना झाला त्याला. सुनंदाकाकूंचा फोन आला की मी तो नेहमी काकांच्याच आवाजात उचलायचो, "हॅलो, डॉक्टर बोलतोय." त्या दिवशीही सँट्री भागातल्या माझ्या ऑफिसात बसून तसाच उचलला. पलीकडून हसू आलंच नाही. मग काकू म्हणाल्या, "अरे… ते गेले रे."

मी मूळचा चाळीसगावचा. शाळेत सगळ्या सरांचे आवाज काढून मार खाल्लेला. २०१५ मध्ये इथल्या कासलबार गावात कुणाकडे तरी गणपतीला गेलो आणि तिथे आरतीनंतर काकांची नक्कल केली. काकांनी काकूंना विचारलं, "माझा आवाज एवढा नाकातून येतो?" काकू म्हणाल्या, "याने कमीच केलाय." पुढच्या शनिवारी काका मला गाडीत घालून नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेले.

घरी गोळ्या भरायला इथे मनाई. रीतसर परवानगी काढलेली क्लबची शेड, तिथेच काय ते. पितळी नळीत बंदुकीची दारू, वर गोळी, आणि ती किती आत बसवायची यावर सगळा खेळ. काका यंत्राचा स्क्रू जरासा फिरवणार, एक गोळी बसवणार, व्हर्नियरने लांबी मोजणार, परत जरासा फिरवणार. मी कंटाळून म्हटलं, "काका, एवढ्यात माझं कोडिंग होऊन बग पण सापडला असता." काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझा बग फुटला तर स्क्रीन काळी होते. ही जास्त आत बसली तर आतला दाब वाढतो आणि पिस्तूल हातात फुटतं. भूल देताना पण असंच असतं. घाई करायची नाही."

त्यांची पद्धत एकच. खोक्यातली प्रत्येक गोळी मोजून झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. शेतकरी, गवंडी, रिटायर्ड पोस्टमन, क्लबातल्या सगळ्यांना 'झाकण' हा एक मराठी शब्द पाठ झाला होता. दुसरा होता 'चहा'.

काका गेल्यावर त्यांचा जोडीदार पॉडी, उंच, लालबुंद, त्यांच्याबरोबर दहा-बारा वर्षं नेम धरलेला, म्हणाला, शनिवारी डॉक्टरला सलामी देऊ. तीही डॉक्टरनेच भरलेल्या गोळ्यांनी. शेडच्या फळीवर काकांचं शेवटचं खोकं होतं. काकू आल्या होत्या, फुलं घेऊन. पॉडीचे डोळे भरलेले, तो खोक्यातली एकेक गोळी उचलून मॅगझिनमध्ये ढकलत होता. आणि मला दिसलं… खोक्याला झाकण नव्हतं. ते फळीवर धूळ खात पडलं होतं.

साधी हाक मारली तर पॉडीला ऐकू यायचं नाही, कानावर आवाज अडवणारे मफ. म्हणून मी पोटातून ओरडलो. पण तोंडातून माझा आवाज आलाच नाही. नाकातला, काकांचा सांगलीचा आवाज आला. "पॉडी! नो झाकण, नो शूटिंग!"

पॉडी जागच्या जागी थिजला. पिस्तुलाला हातही न लावता त्याने मॅगझिन टेबलावर ठेवलं. काकूंच्या हातातली फुलं खाली पडली.

मग आम्ही व्हर्नियर काढून मोजायला बसलो. वरच्या ओळीतल्या ठीक होत्या. खालच्या ओळीतल्या सात गोळ्या चांगल्याच आत गेलेल्या. काकांचं मोजायचंच राहिलं होतं. पॉडीने त्या सातही गोळ्या वेगळ्या काढल्या. "युअर मॅन वूड हॅव किल्ड मी," डॉक्टरबद्दल एवढंच बोलला, आणि नाक पुसायला बाहेर गेला.

काकू मात्र गेल्या नाहीत. माझा कान धरला, खराखुरा, भर क्लबात, आयरिश लोकांसमोर. "मेल्या, मेलेल्या माणसाच्या आवाजात पाठीमागून ओरडतोस? माझं काळीज थांबलं असतं तर? पॉडीला आणि मला एकदमच भूल द्यायची होती का तुला?" मी म्हटलं, "काकू, तो मरता मरता वाचला…" "ते दिसलं मला! त्याचं नाही सांगत. आवाज काढायचाच तर आधी सांगायचं. मी बसून घेईन, चष्मा काढेन… आणि एवढंसंच का बोललास रे? नीट चार वाक्यं बोलायला काय झालं होतं?"