मी लावलेलं भूत
कापूर पेटला की माझी मान अजूनही खाली जाते. भूकंपाला काही वर्षं उलटून लातुरात शिकवण्यांचं पीक आलं, तेव्हा माडीवरची खोली मी एका पोरीला भाड्यानं दिली होती. तिची आई भूकंपात गेलेली. पोरगी गच्चीवर येरझाऱ्या घालत पुटपुटायची, "आउगो, ओगो, ओग." मी तेव्हा चाळिशीची, पदवीधर, महाशहाणी, तिच्यावरून कापूर ओवाळला आणि तिच्या वडिलांना फोन लावला, "पोरीच्या अंगात तिची आई येऊन राहिली." मग पोरीनंच हसत समजावलं, "काकू, गॉथिक म्हणून एक मेलेली भाषा हाय. ती जगली असती तर तिचे उच्चार कसे झिजले असते, त्याचा खेळ करायलेय मी. आउगो म्हणजे डोळा, झिजून झिजून त्याचं ओग होतं." मीही हसले, पण लाजेपायी परत फोन काही केला नाही. सकाळच्या एस्टीनं वडील आले. मला वाटलं, पोरीला घेऊन जाणार. ते तिच्यासमोर फरशीवर बसले, हात जोडून म्हणाले, "भूकंपाच्या राती म्या रानात झोपलो व्हतो. तुझ्या आईला इचार, माझ्यावर राग हाय का." पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं डोळे मिटले, आपल्या त्या भाषेत बराच वेळ काही बोलली, आणि हळूच म्हणाली, "न्हाई म्हणती." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले. आता नातवंडं भुताची गोष्ट मागतात, तेव्हा ही सोडून बाकी सगळ्या सांगते.