नकली दाढीचा देव

"हसा ना भो!" असं म्हणून तो दुरुस्त केलेला मोबाईल हातातच धरून ठेवायचा. गिऱ्हाईक हसेपर्यंत देत नसे. शहाद्यात माझ्या शिकवणी वर्गाला लागूनच त्याचं दुकान.

भोंदू बाबांवर त्याचा भारी राग. म्हणून व्हिडिओत स्वतःच बाबा झाला. कापसाची दाढी, गळ्यात चार्जरच्या वायरींची माळ. "वायर कपाळाला लावा, रोग पळवा," असं गंभीर चेहऱ्यानं सांगायचा आणि शेवटी दाढी उपटून ओरडायचा, "येडासहोन, दवाखानामा जा!" तुम्हीही पाहिले असतील. कुणीतरी तो शेवट कापून पुढे पाठवला. डोंगरात तेवढंच पोचलं.

एका सकाळी तोरणमाळकडचा म्हातारा नातीला पाठीवर घेऊन आला. पोर तापानं फणफणलेली, धाप लागलेली. "बाबा, वायर लाव."

"मास्तर, तू सांग ना यासले! मी देव नही शे!" दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला.

मी घरातला पहिला पदवीधर, पण घरची बोली म्हाताऱ्याचीच, पावरी. पावरीत समजावलं, हे सोंग आहे, हसण्यासाठी. म्हातारा ऐकेना. मग यानं दाढी लावली आणि त्याच्यासमोर उपटून दाखवली.

म्हातारा खाली बसला. मला म्हणाला, "देव अंगातून गेला. परत येईल तोवर थांबतो."

आमच्याकडे बडव्याच्या, म्हणजे पाड्यावरच्या भगताच्या, अंगात देव येतो. देव उतरला की बडवाही साधा माणूस; त्याच्याकडे कुणी काही मागत नाही. पुन्हा येईपर्यंत बसून राहायचं.

दुकानदारानं म्हाताऱ्याचे पाय धरले. रिक्षा आणली. म्हातारा नातीला सोडीना. दुपार झाली. पोरीचे डोळे फिरायला लागले, तेव्हा यानं पुन्हा दाढी चढवली, माळ घातली आणि त्या घोगऱ्या आवाजात ओरडला, "ऊठ! पोरीला दवाखान्यात ने!"

म्हातारा तत्काळ उठला.

दवाखान्याच्या बाकावर हा दाढीतच बसून होता. काढायची हिंमत होत नव्हती. येणारेजाणारे हसत होते.

संध्याकाळी पोर गेली. म्हाताऱ्यानं याच्या पायांवर डोकं टेकवलं, काहीतरी पुटपुटला.

"काय म्हनी ऱ्हायना, मास्तर?"

"म्हणतोय, देवाला यायला उशीर झाला. तुझा दोष नाही."

त्यानं सगळे व्हिडिओ पुसले. कापलेले अजून फिरतात. तो सुरतेला गेला म्हणतात. फोन लागत नाही.

परवा त्याच्या बंद शटरसमोर एक बाई बसली होती, मांडीवर निपचित मूल. मी म्हणालो, "बाई, दवाखान्यात जा."

"बाबांनी सांगितलं?"

मी शिकलेला माणूस. "हो," म्हणालो.

ती उठली.