तिगाव ते पांढुर्णा: मोठेबाबांची अनवाणी चाल

खेड्यापाड्यांत फिरून हृदयाची तपासणी करणाऱ्या गाडीसाठी देणगी जमवायची, म्हणून तिगाव ते पांढुर्णा पायी चालायचं होतं. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाने, मला न विचारताच स्वतःचं नाव दिलं. गेल्याच वर्षी त्यांना स्टेंट बसवलाय. एकटं सोडायचं नाही, एवढं ठरवून मीही निघाले.

सौंसरहून सकाळची पहिली बस, पांढुर्ण्याहून तिगावला शेअर ऑटो. थंडीत जाणार असाल तर स्वेटर घ्या, पण तासाभरात तो कमरेला बांधावा लागतो. पाणी सोबत ठेवा, सावली कमी आहे.

चालणाऱ्यांची डॉक्टरी जोरात होती. "रोज लसूण खाल्ला का नळ्या साफ!" "घाम आला का चरबी गेली समज." आणि जागोजागी स्वागताला आलुबोंडे, गोड चहा. "खा वो बाई, चालून जिरूनच राहिलं," म्हणत एका काकूंनी तिसरा बोंडा हातात कोंबला. पुढे संत्री निवडणाऱ्या बायांपाशी मी रमले आणि मोठेबाबा निसटले.

सापडले ते ओढ्यावरच्या पुलियावर, छोट्या पुलाच्या कठड्यावर बसलेले. अनवाणी, ओठ कोरडे.

"चप्पल कुठं हाय?"

"नवस हाय. तीन दिवसांचा उपास, अन् अनवाणी पोचाचं."

"अन् गोळ्या?"

"उपाशीपोटी कशा घेऊ? चालून राहिलो ना, गोळीचं काम पायच करते."

मागून येणाऱ्या एका नर्सबाईंनी नाडी पाहिली, मला मोठेबाबांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, स्टेंटवाल्यानं रक्त पातळ कराची गोळी सोडाची नसते. आत्ता खा, गोळी घ्या, अन् ऑटोत बसून दवाखान्यात चला."

"हिचा बाप अटॅक आल्यावर नागपूरच्या दवाखान्यात नेता नेता रस्त्यात गेला," मोठेबाबा म्हणाले. "अशी तपासणीची गाडी तवा आली असती तर आधीच समजलं असतं. त्याच्या नावानं नवस बोललो. मोडत नाही."

माझ्या बाबांचा विषय त्यांनी कितीतरी वर्षांनी काढला होता. मी तिथेच मातीत मांडी घातली.

"त्याच रस्त्यानं आता तुम्हाले नेऊ का? बाबांच्या नावानं उपाशी राहता, तर त्यांच्याच नावानं जेवा. तवरिक मी उठत नाही."

"ऊठ ना! लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या."

नर्सबाईंनी मागच्या ठेल्यावरून पोहे आणले. बराच वेळ प्लेट तशीच होती. मग मोठेबाबांनी घास घेतला, आणि खिशातून गोळ्यांची पुडी काढली.

शेवटपर्यंत आम्ही चाललोच नाही. दवाखान्यात तपासणी करून संध्याकाळच्या बसने घरी आलो.

पायच खरं औषध, असं मोठेबाबा आजही म्हणतात. पण रोज सकाळी पोटभर खाऊन, बाबांच्या फोटोसमोर उभं राहून गोळी घेतात. मी वाद घालत नाही. पाण्याचा पेला भरून देते.