बगळेबाईंची नजर

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे बगळेबाई म्हणत. उंच, किडकिडीत, पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिटी, आणि काठावर तासन्‌तास एकाच जागी उभी. ती तिथली जीवरक्षक होती. नाव पोराटोरांनी ठेवलेलं, पण तिला ते आवडायचं.

तिच्याशी बोलायला गेलेला माणूस पहिल्या भेटीत हमखास दुखावला जायचा. कारण ती बोलायची तुमच्याशी आणि बघायची पाण्याकडे. तिची धाकटी जाऊच एकदा तिथे पोहायला गेली आणि फणफणत घरी आली. "काय तो तोरा! एवढी बोलले, एकदा म्हणून मान वळवली नाही."

"अगं, मी तिला मागणी तिथेच घातली होती," बाईंचा नवरा म्हणाला. "पाण्याकडे बघतच हो म्हणाली. मला म्हणाली की आणखी कुणाला, हेच चार दिवस कळेना."

मग तलावावर नवा मॅनेजर आला. तरुण, कामसू, मनाने चांगला. त्याने सगळ्या जीवरक्षकांच्या हातात एकेक फोन दिला.

"लोकांचे फोटो काढून तलावाच्या पानावर टाकत जा, बाई. कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं. पाणी गार आहे का, गर्दी किती आहे..."

"मला नाही हो जमायचं."

"उभ्या उभ्या होईल!"

आपल्याला कुणी जुनाट म्हणू नये म्हणून तिने फोन घेतला. आणि खरं सांगायचं तर तिला त्याची गोडी लागली. पाण्यात सूर मारणाऱ्या मुलीचा तिने काढलेला फोटो लोकांनी डोक्यावर घेतला. मग कोण काय म्हणालं हे बघायला हात आपोआप खिशाकडे जाऊ लागला. घरी नवरा काही विचारी, ती नुसतं "हं" म्हणे. पाण्यावरून उचललेली नजर परत बसायला वेळ लागतोय, हे तिला जाणवत होतं. पण तिने ते मनावर घेतलं नाही.

सकाळच्या पोहणाऱ्यांत एक गुणगुणे काका होते. पोहताना सतत काहीतरी गुणगुणायचे, म्हणून ते नाव. त्या दिवशी ती कुणाला तरी टॉवेल मिळतो का याचं उत्तर लिहीत होती. लिहिता लिहिता तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. आणि एकदम लक्षात आलं, गुणगुण थांबली होती.

तिने वर पाहिलं. खोल बाजूला काका उभेच्या उभे, मान मागे, तोंड जेमतेम पाण्यावर. शिडी चढावी तसे हात हलत होते. ओरडणं नाही, काही नाही. शेजारून एक बाई आरामात पोहत गेली.

फोन कुठे पडला हे तिने पाहिलंच नाही. तिने उडी मारली आणि काकांना बगलेत धरून काठाला आणलं. त्यांच्या पायात गोळा आला होता. खोकून खोकून श्वास जागेवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "माझी टोपी?"

सगळे हसले. ती हसली नाही. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तिने कोरडे कपडे घातले. मग तडक मॅनेजरकडे गेली.

"बाई, तुमच्यामुळे काका वाचले!"

"माझ्यामुळेच बुडत होते. मी टॉवेलचं उत्तर देत होते." तिने खुर्ची ओढली. "डोळे दोन असले तरी ते एकाच दिशेला बघतात. फोनकडे बघायचं असेल तर मला तिकीट खिडकीवर बसवा, खुशीने बसेन. काठावर ठेवायचं असेल तर मी फक्त पाणी बघणार."

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "फोन द्या इकडे."

"तलावाच्या तळाशी असेल."

न राहवून दोघंही हसले. दुसऱ्या दिवसापासून काठावर फोन बंद झाले, सगळ्यांचेच. फोटो आता तो स्वतः वरच्या सज्ज्यातून काढतो आणि ते छान येतात.

तिचा हात काही दिवस रिकाम्या खिशाकडे जात राहिला, मग ते सुटलं. "कंटाळा नाही येत?" मॅनेजरने एकदा विचारलं.

"येतो की. पण थोडा वेळ उभं राहिलं की तोच कंटाळून निघून जातो."

सुट्टीच्या दिवशी ती स्वतः पोहायला येते. काठावर तेव्हा दुसरी कुणी पहाऱ्याला असते. ती पाठीवर तरंगते, कान पाण्याखाली जातात, बाहेरचा गलका बंद होतो. मग ती निवांत डोळे मिटून घेते.