जुना आकडा

आमच्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळे भाऊ म्हणायचे. पाणी तपासायचा दिवस आला की ते कपाटातून एक जुनं जर्नल काढत आणि चष्मा कपाळावर सारून आकडे सांगत. "लिहा रे बापहो, तपासून कोनाचं भलं झालं?"

बाबांची पाठ आखडत चालली होती. पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं आखडतात हे वर्गात शिकवलं होतं, म्हणून कोरपन्याकडच्या आमच्या गावातल्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरून नेलं. भाऊंनी कुरकुरत त्यातलं थोडं नळीत ओतलं आणि लाल औषध घातलं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका तो रंग फिका पडतो. आमचा जवळजवळ उडालाच. यंत्रावर आकडा आल्यावरही भाऊ बराच वेळ नळी उजेडात धरून उभे राहिले.

"हा आकडा लिहू नको. जुन्याशी जुळत नाई, सर मार्क कापतेत."

मग त्यांनी बाटली विसळली, कूलरच्या शुद्ध पाण्याने काठोकाठ भरली आणि हातात दिली. "बापाले ने."

मी जुना आकडा लिहिला. खरा कुणालाच सांगितला नाही. बाबांनी ते पाणी पिऊन "गोड हाय" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातपंपावर गेले.

यंदा बाबा गेले. तिरडीवरही त्यांची पाठ सरळ झाली नाही. त्या प्रयोगाला मला दहापैकी दहा होते.